ब्रेक न लागणारं नाव

"ठरलं! नाव पक्कं! झाप्र्यान! नातवाला माझंच नाव! आता यात इकडचं तिकडे होणार नाही!"

झाप्र्यान आजोबांनी फोन टेबलावर आपटून ही घोषणा केली. आवाज असा की द्राक्षाच्या मांडवाखालच्या कोंबड्या शेजारच्यांच्या अंगणात जाऊन पडल्या. जन्मभर गाव ते असेनोव्ग्राड बस चालवलेला माणूस तो! त्यांनी ठरवलं की ठरलं. तेव्हा गोष्ट इथेच थांबायला काहीच हरकत नाही.

समाप्त.

थांबली नाही. बसला ब्रेक असतात, गोष्टीला नसतात. शिवाय आजोबांच्या बायकोने, गिनाआजीने, मिरच्या भाजता भाजता एक साधा प्रश्न विचारला.

"रालित्सा नक्की काय म्हणाली?"

"म्हणाली काहीच नाही. आवाजच येत नव्हता. त्या प्लोव्दिवच्या हॉस्पिटलात रेंज कुठली! नुसती दिसत होती. मी ओरडून विचारलं, 'सूनबाई, झाप्र्यानच ना?' तिने मान हलवली."

"कशी?"

"अशी!" आजोबांनी मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवली, टेबलफॅनसारखी. "जोरजोरात! एवढ्या जोराने 'हो' तर तू आपल्या लग्नातसुद्धा म्हणाली नव्हतीस!"

गावात काय, अख्ख्या बल्गेरियात काय, मान आडवी हलली की 'हो' आणि हनुवटी वर उडाली की 'नाही'. पाळण्यातल्या पोरालाही हे कळतं. गिनाआजीचं समाधान झालं, ती पुन्हा मिरच्यांकडे वळली. फक्त एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. रालित्सा आठ वर्षं व्हिएन्नात, दातांच्या दवाखान्यात नोकरी करून परतली होती. आणि व्हिएन्नाची माणसं मानेच्या बाबतीत अगदी उलट्या खोपडीची!

आता झाप्र्यान आजोबांना हे नाव एवढं का प्यारं होतं, ते सांगतो. त्यांनी स्वतः ते गावाला इतक्यांदा सांगितलं होतं की ते बोलायला लागले की कुत्री उठून जायची.

"झाप्र्यान म्हणजे कोण? रोखणारा! माझ्या खापरपणजोबांनी खिंडीत सुलतानाची फौज रोखली! एकट्याने! हातात काय होतं? खुरपं!"

फौज आधी शंभरांची होती. आजोबा निवृत्त झाले तेव्हा ती हजारांवर गेली. गेल्या नाताळात तिच्यात दोन हत्तीही आले होते.

तर असं नाव! पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं ही रीतच. पण आजोबांचा मुलगा ओग्न्यान आणि रालित्सा यांना आधी दोन मुली झाल्या आणि हे नाव वापराविना पडून राहिलं. आजोबांनी मुलींचे लाड केले, खांद्यावर बसवून फिरवलं, पण रात्री गिनाआजीला म्हणायचे, "माझ्यामागे या नावाने कुणाला हाक मारणार ग? मी गेलो की नावही गेलं." आणि आता मुलगा झाला होता!

मग काय विचारता! आजोबा चौकात गेले, दुकानदाराला सांगितलं. दुकानदाराला सांगणं म्हणजे गावाला सांगणं. त्यांची जुनी बस आता मित्को चालवायचा, त्यालाही सांगितलं. मित्को हळवा माणूस. त्याने आनंदाच्या भरात बसच्या कपाळावरची असेनोव्ग्राडची पाटी काढली आणि मोठ्या अक्षरांत 'झाप्र्यान' लिहून लावलं! त्या दिवशी पुढच्या गावच्या तीन म्हाताऱ्या बसमध्ये चढल्याच नाहीत. "झाप्र्यानला आमचं कुणी नाही," म्हणाल्या आणि घरी गेल्या.

गिनाआजीने भलीमोठी पोगाचा रोटी भाजली आणि तिच्यावर कणकेचीच नक्षी करून नाव लिहिलं. अक्षरं एवढी फुगली की नाव ओव्हनच्या दाराला टेकलं.

रविवारी रालित्सा बाळाला घेऊन घरी आली. घर म्हणजे याच घराचा वरचा मजला. अंगणात टेबलं मांडलेली, चीज भरलेली पापुद्र्यांची बानित्सा, भरलेल्या मिरच्या, राकिया दारूच्या बाटल्या, सगळा थाट. आजोबांची थोरली बहीण वेलिकाआक्का काठी टेकत आली. धाकटी दोस्ता बरणीभर मुरांबा घेऊन आली. सगळ्यांनी दुपट्यात डोकावून मनापासून तोंडं वाकडी केली.

"किती कुरूप ग बाई! थू थू थू!"

"माकड नुसतं! थू थू!"

रालित्सा खूश झाली. दृष्ट लागू नये म्हणून लोक एवढे झटताहेत म्हणजे पोर खरंच देखणं असणार!

आणि तेवढ्यात तिचं लक्ष रोटीकडे गेलं.

"बाबा, हे काय?"

"नाव!"

"कुणाचं?"

"माझं! म्हणजे त्याचं! म्हणजे आमचं!"

"पण मी फोनवर नाही म्हणाले ना!"

"नाही कुठे? मान आडवी हलवलीस! अशी!"

"आडवी म्हणजे नाहीच!"

"कुठल्या देशात?"

"व्हिएन्नात!"

"अग, पण तू होतीस प्लोव्दिवात!" आजोबा कडाडले. "मान काय विमानतळावर विसरून आलीस?"

"माझ्या पोराला शाळेत झाप्र्यान म्हणून हाक मारली तर पोरं हसतील, बाबा! मला मार्टिन ठेवायचंय. उद्या नगरपालिकेत नोंदवायचंय."

कोंबड्या परत येत होत्या, त्या जागीच थबकल्या. अशा वेळी ओग्न्यान पुढे आला. बायको आणि बाप यांच्यामध्ये उभं राहून राहून तो बिचारा अगदी चपटा झाला होता, बानित्साच्या पापुद्र्यासारखा.

"बाबा, हल्ली सगळे एक करतात. पूर्ण नाव नाही, नुसतं पहिलं अक्षर घेतात. 'झ' ठेवू. झाहारी. झ्लातान. छान आहे की नाही? मानही राहतो."

"अक्षर!" आजोबा उभेच राहिले. "मी जन्मभर पूर्ण नाव वागवलं आणि मला एक अक्षर देतोस? मी काय गाडीची नंबरप्लेट आहे? अरे, ज्या नावाने फौज रोखली—"

"कुठली फौज रे?" वेलिकाआक्का म्हणाली.

आक्काला जरा कमी ऐकू यायचं. इतकी वर्षं ती दर नाताळला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. आज पहिल्यांदा तिला आजोबांच्या शेजारची खुर्ची मिळाली होती.

"खिंडीतली, आक्का! खापरपणजोबांनी रोखली ती! म्हणून तर आपल्यात झाप्र्यान हे नाव!"

"खापरपणजोबांचं नाव तोदोर होतं. खिंडीत शेळ्या चारायचे. त्यांच्याने शेळ्या रोखणं होईना, फौज कुठली रोखतात!" आक्काने रोटीचा तुकडा मधात बुडवला. "अरे वेड्या, तू सातवा. सात पोरं म्हणजे सात तोंडं. आई थकली होती. जुन्या बायका म्हणायच्या, पोरं थांबवायची असतील तर शेवटच्याचं नाव 'थांब' ठेव. म्हणून झाप्र्यान. फौज नव्हे रे. आपण! आपल्याला थांबवायचं होतं!"



समाप्त म्हणावं अशी ही जागा नाही. इथे गोष्ट संपवली तर मला झोप लागणार नाही.

आजोबा खाली बसले. सत्तरी उलटलेला माणूस, पण त्या क्षणी शाळेतून बाहेर काढलेल्या पोरासारखा दिसत होता. त्यांनी रोटीवरचं 'झ' तोडलं आणि गुपचूप तोंडात टाकलं. मग पुढचं अक्षर. आपलंच नाव खात बसले.

"मार्टिनच ठेवा," हळूच म्हणाले. "नको झालेल्या माणसाचं नाव पोराला कशाला?"

रालित्सा काही बोलणार, तेवढ्यात दोस्ता घाईघाईने म्हणाली, "आक्का, मग माझं काय? मी तर दादाच्या पाठची. माझं नाव दोस्ता. दोस्ता म्हणजे भरपूर! लक्ष्मी भरपूर!"

"भरपूर नाही ग, 'पुरे'!" आक्का म्हणाली. "थांब म्हणून भागलं नाही, म्हणून पुरे!"

"अरे देवा!" म्हणत दोस्ताने मुरांब्याची बरणी छातीशी धरली.

"पण पूर्ण ऐका तरी!" आक्का हसायला लागली. दात नव्हते, पण हसणं भरगच्च होतं. "झाप्र्यान झाला, नाव ठेवलं, आई म्हणाली, संपलं आता. आणि हा पोरगा हसायला लागला! सकाळी हसायचा, रात्री हसायचा, ताप आला तरी हसायचा. आम्ही सहा जण रडके. हा एकटा असला! आई बाबांना म्हणाली, 'असंच होणार असेल तर आणखी एक होऊ दे की!' तुझ्यामुळे दोस्ता झाली, वेड्या. थांब नाव ठेवलं आणि तूच आईला थांबू दिलं नाहीस!"

आजोबांचा घास तोंडातच राहिला. त्यांनी दोस्ताकडे बघितलं. दोस्ताने डोळे पुसले आणि त्यांच्या ताटात चमचाभर मुरांबा वाढला. दादाच्या उपकाराची परतफेड चमचाभर मुरांब्याने! पण त्या घरात एवढ्यावर भागायचं.

आणि इथे गोष्टीने असं वळण घेतलं की मित्कोनेसुद्धा बस इतक्या जोरात कधी वळवली नसेल. रालित्सा उभी राहिली.

"एक मिनिट! म्हणजे या नावाने पोरं थांबतात?"

"जुन्या बायका म्हणायच्या," आक्का म्हणाली.

"दोन मुली, हा एक. रात्रीची झोप म्हणजे काय, ते मी पाच वर्षांत विसरले! बाबा, मार्टिन रद्द! झाप्र्यान! हेच हवंय मला!"

"अजिबात नाही!" आजोबा ओरडले.

"काय?"

"मला आणखी नातवंडं हवीत! पोरं थांबवणारं नाव माझ्या घरात नको! मार्टिन ठेव! मिखाइल ठेव! हवं तर मित्को ठेव!"

"बाबा, परवा तर तुम्ही बसवर पाटी लावलीत!"

"ती मित्कोने लावली!"

आता ओग्न्यानने डोकं हातात धरलं. "आई, हे दोघं आधी उलट भांडत होते ना?"

"खाऊन घे," गिनाआजी म्हणाली.

शेवटी रालित्सा दुपटं घेऊन सासऱ्यांसमोर गेली. पोराने झाप्र्यान आजोबांकडे बघितलं आणि, पोटात वायू झाला होता की काय कोण जाणे, पण हसला! असा हसला की आक्काने काठी आपटली.

"तोच! अगदी तोच!"

"बाबा," रालित्सा हळूच म्हणाली, "थांब बिंब सोडा. असं हसणाऱ्याचं नाव आहे, म्हणून ठेवते. चालेल?"

आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उत्तरादाखल मान हलवली. आधी आडवी, मग उभी, मग गोल. बल्गेरियालाही पटावं, व्हिएन्नालाही पटावं!

सोमवारी नगरपालिकेत नाव लागलं. झाप्र्यान ओग्न्यानोव्ह. समाप्त!

खरंच समाप्त. तिन्ही म्हाताऱ्याही असेनोव्ग्राडला पोहोचल्या. मी लेखणी खाली ठेवली होती.

पण पोरगा चालायला लागला त्या सुमारास एका सकाळी आजोबांचा फोन वाजला. ओग्न्यान आणि रालित्सा शहरात सोनोग्राफीला गेले होते. पुन्हा तेच हॉस्पिटल, पुन्हा तीच रेंज, आवाज नाही, नुसतं चित्र. ओग्न्यान भिंतीला टेकून उभा होता, पापुद्र्याहून चपटा. रालित्सा सासऱ्यांकडे अशी बघत होती की तिला मान हलवायचीही गरज नव्हती. तिने नुसती दोन बोटं वर केली.

आजोबांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ती बोटं पुन्हा मोजली. मग गिनाआजीला हाक मारून त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं,

"अग, व्हिएन्नात दोन म्हणजे दोनच असतात का?"