घुंडी जड फिरते म्हणून

रविवारी सकाळी मी रेडिओची घुंडी फिरवली, ती जड लागली, आणि मी ठरवलं की आज हिला तेलपाणी करायचंच. माझा गुन्हा एवढाच. त्यासाठी संध्याकाळपर्यंत माझा जो उद्धार झाला, तो आठवला की अजून डोकं तापतं. हे लिहितानाही मी रागातच आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

रेडिओ म्हणजे गाणी ऐकायचा नव्हे. हॅम रेडिओ. सरकारी परवाना काढायचा आणि घरबसल्या लांबलांबच्या माणसांशी बोलायचं. सेट माझ्या सासऱ्यांचा, नानांचा. वय माझ्याहून जास्त, तब्येत माझ्याहून बरी (सेटची, आणि खरं तर नानांचीसुद्धा). नाना कर्जतला फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि तिथल्या सेक्रेटरीने त्यांची गच्चीवरची अँटेना कपडे वाळत घालायची तार समजून उतरवली. नानांनी त्याला जे काही सुनावलं, त्यानंतर सेट आमच्याकडे खोपोलीला आला आणि मलाही परवान्याची परीक्षा द्यावी लागली. त्याच्या मागोमाग दर रविवारी नानाही येऊ लागले. संध्याकाळी पाचला इंदूरच्या सप्रेंशी त्यांच्या गप्पा असतात. दोघांची दोस्ती जुनी, पण प्रत्यक्ष भेट एकदाही नाही.

"आज उघडू नका हं तो," बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली. तिचं नाव सुचेता. "गेल्या रविवारी सप्रेकाका आलेच नाहीत. त्यांची अँजिओप्लास्टी झालीय. नाना आठवडाभर जेवलेले नाहीत नीट."

"मग फोन करावा!"

"त्यांच्या मुलाने केला होता. बरे आहेत म्हणाला. पण मुलं बरंच आहे म्हणतात, आवाज ऐकल्याशिवाय खरं नाही, असं नाना म्हणतात. आणि फोनवर त्या दोघांना काही बोलायलाच सुचत नाही."

"मग तर घुंडी हलकी फिरायलाच हवी," मी म्हणालो आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. कुंभिवलीच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. ग्रीसचे डबे रोज माझ्या सहीने बाहेर जातात. मला शिकवणार ही?

आत पितळी दातेरी चाकं होती आणि त्यांच्यावरचं जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं घट्ट झालं होतं. मी सुचेताच्या नेलपॉलिश काढायच्या बाटलीत जुना टूथब्रश बुडवला आणि घासायला लागलो. काय सांगू! चाकं लग्नातल्या समयांसारखी लखलखली. माणसाने इथे थांबावं की नाही? पण हुरूप! त्याच हुरुपात मी कापसाचा बोळा त्या बाटलीत बुडवून समोरच्या डायलच्या काचेवरूनही फिरवला.

काच स्वच्छ झाली. इतकी स्वच्छ की तिच्यावरचे सगळे आकडे बोळ्यात आले.

"सुचेता! असली जहाल बाटली घरात आणतेस कशाला?"

ती बाहेर आली. तिने काच पाहिली, बोळा पाहिला, मग मला पाहिलं. "मी ती नखांसाठी आणली होती," एवढंच म्हणाली. या बाईचा आवाज रागात जितका खाली जातो, तितकं घर हादरतं.

मी तडक स्कूटर काढली. शिलाई मशीनचं तेल संपलेलं (ते संपल्याचं मला कोणी सांगितलं नाही, याचाही राग), खोपोलीत ओळखीचं दुकान बंद. चौक गावापर्यंत गेलो. तिथे रस्त्यावरच निलेशचं गॅरेज. तो एका ट्रकखाली झोपलेला होता, म्हणजे काम करत होता.

"निलेश, चांगल्यातलं ग्रीस दे."

"कशाला लावायचा हाय, साहेब?"

"रेडिओला."

ट्रकखालची ठोकाठोक थांबली. मग त्याचं डोकं बाहेर आलं. "रेडिओला चाकं हायत?"

"आहेत! दाते असलेली!"

"मंग ह्यो न्या," म्हणून त्याने काळ्याकुट्ट ग्रीसचा गोळा वर्तमानपत्रात बांधून दिला. "ट्रेलर बोरघाट चढतो याच्यावर. पर साहेब, रेडिओ जाणार कुठं?"

मला त्याचाही राग आला.

घरी येऊन मी तो गोळा सढळ हाताने लावला. घुंडी फिरवली. अहाहा! लोण्यात बोट फिरावं तशी. पुन्हा फिरवली. मग लक्षात आलं की घुंडी गरागरा फिरते आहे आणि काटा जागचा हललेला नाही. आत दोन चकत्या असतात, त्या एकमेकींना चिमटीत घट्ट धरतात, म्हणून काटा सरकतो. त्या चकत्यांमध्येच मी ग्रीस भरलं होतं. आता त्या नुसत्या घसरत होत्या.

"झालं हलकं?" सुचेताने विचारलं.

"तू आत जा!"

पुन्हा ती नखांची बाटली, पुन्हा टूथब्रश. चकत्या कोरड्या केल्या, झाकण बसवलं, तोवर दारात नाना उभे. वेळेच्या बरेच आधी. हातात काठी, अंगात इस्त्रीचा शर्ट. सप्रेंना काही दिसणार नव्हतं, तरी इस्त्री.

त्यांची नजर सेटवर गेली. "जावईबापू, आकडे कुठे आहेत?"

"साफसफाई केली, नाना."

"घरावर दरोडा पडतो, त्यालाही साफसफाईच म्हणतात!" नाना खुर्चीवर बसले. "कोऱ्या काचेवर मी सप्रेला शोधू कुठे? तो माणूस मरणाच्या दारातून परत आलाय आणि तुम्ही त्याचा पत्ताच पुसलात!"

मी सेट चालू केला. खरखर सुरू झाली. नाना कान लावून केसभर केसभर घुंडी सरकवू लागले. कुठे कोणी कानडीत हसत होतं, कुठे कोणी हवामान सांगत होतं. एका जागी नाना थांबले. "इथेच. इथेच असतो तो. द्या तो माईक."

"मी हाक मारतो," मी माईक उचलत म्हणालो. चूक माझी, तर निस्तरणारही मीच.

"तुम्ही नाही! द्या इकडे!"

"नाना, ओढू नका!"

त्या ओढाओढीत सेट एकदम गप्प झाला. खरखरसुद्धा नाही.

"मारलात!" नाना ओरडले. "सेट मारलात!"

मग मात्र माझा तोल गेला. सकाळपासून जो तो मलाच बोलत होता. मी माईक मुठीत गच्च धरून उभा राहिलो. "मारला तर मारला! जागा माझी, गच्ची माझी, वीज माझी! रविवारी दुपारी मला माझ्या घरात झोपता येत नाही! आणि बोलता काय, तर वांग्याच्या भरतात कांदा घालावा की नाही! दर रविवारी तेच भरीत! त्या सप्रेला घालू दे नाहीतर नको घालू दे! मी सोसतोय म्हणून चाललंय हे! मी किती शांत माणूस आहे, ते विचारा हिला!" असं म्हणून मी हात लांब करून माईक सुचेताच्या तोंडापुढे धरला.

तिने तो बाजूला सारला नाही. शांतपणे म्हणाली, "अहो शांत माणूस, सकाळी नाही म्हटलं होतं. ऐकलं नाहीत. आता नानांची माफी मागा, आणि तो माईक सोडा. त्याचं बटण दाबलेलं आहे तुम्ही."

मी मुठीकडे पाहिलं. माईकचं बटण दाबलं की आपण बोलतो आणि ऐकू येणं बंद होतं, हे मला परवान्याच्या परीक्षेत आलं होतं. मी अंगठा उचलला.

खरखर परत आली. आणि त्या खरखरीतून एक थकलेला, पण खणखणीत आवाज: "नाना, घालू नये. भरतात कांदा घालू नये, हेच माझं म्हणणं आहे. मी कधीचा थांबलोय रे, पण तुझ्याकडचे श्वास घेतील तर मी बोलेन ना!"

नानांनी माझ्या हातातून माईक घेतला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "सप्रे, गाढवा," ते म्हणाले, "आवाज चांगला आहे तुझा."

"हृदय नवंकोरं आहे. नळ बदलावा तसं केलंय."

मी आपला कोपऱ्यात बोटांचं ग्रीस पुसत उभा राहिलो. तेवढ्यात मध्येच तिसराच कोणी बोलला, सोलापूरचा. बाकीचेही ऐकत होते तर! आमच्यात ऐकणाऱ्याने आवाज कसा पोचला ते सांगायची रीत आहे. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी.

"नमस्कार नाना," तो म्हणाला. "वहिनींचा आवाज अगदी स्वच्छ आला, पाच-नऊ. पण त्याआधी बराच वेळ एक पुरुषी खरखर येत होती. सेटमधला दोष असावा. तेवढी काढून टाका."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग बटण दाबलं.

"ती नाही हो निघायची," ते म्हणाले. "मुलीच्या लग्नासाठी मीच पसंत करून आणलीय."