रविवारचा अकराचा डोस

आमच्या मालेगावात शरबत मापून पाजणारा माणूस एकच आहे, तो म्हणजे उत्तमभाऊ, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लागून राहतो. लिंबाचा रस असो की संत्र्याचा, भाऊ आधी आकडे छापलेलं पांढरं माप डोळ्यासमोर धरतात, एक डोळा मिटतात, शेवटचा थेंब पडायची वाट पाहतात आणि म्हणतात, "डोस बराबर पायजे. जास्त झाला तं पीक जळते."

सारी उमर त्यांनी कृषी केंद्र चालवलं, फवारणीची औषधं विकली. मापही तिथलंच. पहिल्या दिवशी मी ते उचलून वास घेतला, तर म्हणाले, "मास्तर, नवं कोरं हाय. पाकीट माह्याच हातानं फोडलं." तरी पहिला घोट मी देवाचं नाव घेऊनच घेतला.

मी शाळामास्तर. सहा दिवस पोरं, आणि पोरांपेक्षा जास्त कागद. रविवार हा माझा झोपायचा वार. पण सकाळी सातला भाऊंचा फोन ठरलेला. "अकराले ब्रंच हाय. घरून काही खाऊन येऊ नोका."

ब्रंच हा शब्द त्यांना मोबाइलवरच्या एका व्हिडिओत सापडला. "नाश्ता बी नाही, जेवण बी नाही. मधातलं. शहरात सुटीच्या दिवशी असंच करतेत. आधी कॉकटेल, मंग खाणं." भाऊंच्या कॉकटेलात दारूचा थेंब नसतो. सगळा खटाटोप त्याचसाठी आहे.

भाऊंचा धाकटा भाऊ गजानन, म्हणजे गजू, दोन वर्षांपूर्वी दारूतून सुटला. त्याआधी रविवारी अकराला बसस्टँडमागचं दारूचं दुकान उघडायच्या आधीच तो शटरसमोर उभा असायचा. तिथून संध्याकाळी त्याला मोटरसायकलवर मधात बसवून आम्ही दोघांनी कितीदा घरी आणला, याची गिनती नाही. भाऊंनी ठरवलं, अकराच्या वेळेला गजूच्या हातात काचेचा ग्लास पाहिजे, त्यात बर्फ पाहिजे, समोर चकणा पाहिजे आणि सोबतीला चार माणसं पाहिजेत. फक्त ती नको. चार माणसांपैकी तिघं दोन महिन्यांत गळाली. उरलो मी. भिंतीला भिंत लागून असल्यावर माणूस पळणार कुठं?

काय काय प्यालो म्हणून सांगू! एका रविवारी टमाट्याचा रस होता. ग्लासाच्या काठाला मीठ-तिखट लावतात असं भाऊंनी पाहिलेलं. त्यांनी वहिनींच्या ठेच्यात ग्लास उलटा दाबून काढला. माझे ओठ सोमवारी हजेरी घेतानाही जळत होते. दुसऱ्या रविवारी कॉकटेल हलवून देतात हे कळलं, तर सोडा आणि संत्र्याचा रस दुधाच्या किटलीत भरून, झाकण दाबून भाऊंनी असा हलवला की झाकण पंख्याला जाऊन लागलं आणि रस छताला. छतावरचा डाग अजून आहे. "पाहा मास्तर, कसा जोर हाय," भाऊ खाली बसून म्हणाले. वहिनी फडकं घेऊन आल्या. त्याही थकल्या आहेत. आणि ग्लास रिकामा झाल्याशिवाय कोथिंबीर भरलेली सांभारवडी पुढ्यात येत नाही, हा नियम. दुसरा ग्लास मात्र मी आजवर कधी मागितला नाही. गजूनंही नाही.

गेल्या रविवारी मी ठरवलंच, जायचं नाही. आठवडाभर घरोघर सर्वे करून पायांचे तुकडे पडले होते. फोन उचलला नाही. पावणेअकराला गजूच दारात.

"चला ना मास्तर."

"गजू, कंटाळा आला रे मले."

"मले नाही आला का? मले तं आता दारूची आठवण बी येत नाही. पण मी नाही गेलो तं भाऊ अकराले फाटकात येऊन उभा राह्यते. बसस्टँडच्या रस्त्याकडं पाह्यत." तो माझ्या चपलांकडे बघत होता. "माही सुटली. त्याची सुटून नाही राह्यली."

गेलो. कवठाचं काहीतरी होतं. गजू वहिनींना मदत करायला आत गेला, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "भाऊ, गजू बरा हाय आता. बंद करा ना हे. तुमाले बी आराम, आमाले बी."

भाऊ कपड्यानं माप पुसत होते.

"मास्तर, त्याले पयला गिलास मीच देल्ला होता," ते म्हणाले. "वावरात हुरडा होता. असेच अकरा वाजले असतीन. तो नाही म्हणे. मी म्हटलं घे बे, एका गिलासानं काय होते." त्यांनी माप उजेडाकडे धरलं. ते कोरडंच होतं. "माप नव्हतं त्या दिवशी माह्यापाशी. अंदाजानंच भरला."

मी नंतर हिशेब केला, पंधरा वर्षं तरी गेली असतील त्या एका ग्लासात. गजूची बायको माहेरी गेली ती याच काळात. आणि हे सगळं हा माणूस एकटा छातीवर घेऊन दर रविवारी लिंबू पिळत होता.

भाऊंच्या बैठकीतून स्वयंपाकघर चार पावलांवर आहे आणि मधात नुसता पडदा. तव्याचा आवाज थांबला होता. गजू बाहेर आला, उभ्यानंच आपला ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. तोंड वाकडं झालं, ते त्यानं मनगटानं पुसलं. मग रिकामा ग्लास भावासमोर धरला.

"भाऊ, अजून एक दे," तो म्हणाला. "तुह्या हातचा."

भाऊंनी माप भरायला घेतलं. डोळे मात्र गजूवर होते, रस आकड्याच्या वर गेला. गजू म्हणाला, "राहू दे, चालते तेवढं."

मीही माझा ग्लास पुढे केला. कवठ फार आंबट होतं.