थोरली नामे विमान निरोप घेऊन निघाले ते समयीचा मजकूर

श्री पवनदेव समर्थ, वर गेल्या सर्वांस सुखरूप खाली उतरवो. शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मासी, कोणे एके राज्यी थोरली म्हणोन चार यंत्रांचे, दोन मजल्यांचे प्रवासी विमान होते, ते सेवेतून निवृत्त जाहले, त्याची हकीकत बाळगोपाळांस समजावी म्हणोन सावकाश सांगतो. मध्ये उठू नये. शंका शेवटी विचारावी.

थोरलीने तीस वर्षे राज्याची माणसे समुद्रापार नेली आणि आणिली, आणि तितकी वर्षे माणसांनी तिजला नावे ठेविली. वसंतराव कारखानीस म्हणोन एक गृहस्थ दरसाल लेकीकडे परदेशी जात, आणि दरसाल उतरताच तक्रार लिहीत, की चहा कोमट, खुर्ची मागे जात नाही, शौचकूपाचे दार लागत नाही, आणि विमान उशिरा सुटते ते निराळेच. मग हुजुरांनी फर्मान काढिले की थोरली तेल फार पिते, सबब दोन यंत्रांची नवी विमाने घ्यावी. फर्मान निघाले मात्र, आणि अवघ्या राज्यास उमाळा आला. कोमट चहाची गोडी आठवोन वसंतरावांचे डोळे भरले. विमानखात्याचे प्रधान भगवंतराव यांणी थोरलीत कधी पाऊल ठेविले नव्हते, ते सर्वांहून अधिक रडले.

आता चिंचखेड म्हणोन एक गाव, तेथे लष्कराची जुनी धावपट्टी ओस पडली होती आणि शेजारी शाळा होती. थोरलीस तेथे नेऊन उभी करावी आणि मुलांनी तीत बसोन पुस्तके वाचावी, ऐसा ठराव जाहला होता. परंतु उड्डाणाचा परवाना निरोपाच्याच दिवशी सूर्यास्तापावेतो. न गेली तर दुसरे दिवशी भंगारवाल्याने करवत घेऊन यावे, हेही ठरले होते. थोरलीच्या कप्तान शैलजाबाई घारपुरे यांचाही तो नोकरीचा अखेरचा दिवस, आणि त्यांणी चिंचखेडच्या मुलांस शब्द दिला होता की आणीन.

निरोपाचा समारंभ सकाळी मांडिला तो दुपार टळली तरी आटपेना. भगवंतरावांनी भाषण केले, मग थोरलीच्या नाकास शाल पांघरविली, ती वाऱ्याने उडाली, ती धरून आणविली आणि पुन्हा भाषण केले. मग दोन बंबांनी थोरलीवर पाण्याची कमान उडविली. चिंचखेडास पाणी आठवड्यातून एकदा येते, परंतु तो विषय त्या दिवशी नव्हता. मग निमंत्रित मंडळी अखेरच्या सफरीस म्हणोन आत चढली आणि खुर्च्यांवर बसली.

त्या राज्यात चाल ऐसी होती की वस्तू उचलिली तर चोरी, आणि ‘आठवण म्हणून’ उचलिली तर भक्ती. वसंतरावांची भार्या कुमुदताई यांणी पाहिले तो यजमान पायांशी वाकून खटपट करितात.

“अहो, बॅगेत काय कोंबताय?”

“खुर्चीचा पट्टा गं. आठवण म्हणून.”

“एकच? आणि जावईबापूंना?”

मग वसंतरावांनी कुमुदताईंचाही पट्टा सोडविला. मागच्यांनी ते पाहिले, त्यांच्या मागच्यांनी त्यांस पाहिले, आणि ऐसी भक्तीची लाट दोन्ही मजले फिरली. शैलजाबाई उड्डाणापूर्वीची फेरी मारावयास आल्या तो एकाही खुर्चीस पट्टा नाही.

बाई बोलिल्या, “मंडळी, पट्टे जागेवर लावा. पट्टा नसेल तर प्रवासी नेता येत नाही. आणि सूर्य मावळला की ही उद्या भंगारात.”

सर्वांनी हळहळ केली, आणि सर्वांनी शेजाऱ्याकडे पाहिले.

“मी एकट्यानं देऊन काय होणार?” वसंतराव म्हणाले. “आधी पुढच्यांनी द्यावा.”

“आधी वरच्या मजल्यानं!” पुढचे म्हणाले.

वरच्या मजल्याने प्रधानजींकडे पाहिले, तो भगवंतराव बोलिले, “आमच्या भावना भाषणात आल्याच आहेत,” आणि मांडीवरील पिशवी आवळून धरिली.

कुमुदताईंस संताप आला. “बाई, तुम्हांला मन आहे की नाही? तीस वर्षांचं प्रेम आहे आमचं!”

“दिसतंय ना, मावशी. बॅगेची चेन लागत नाहीये.”

ऐसे बोलोन बाई पुढे आपल्या कोठडीत गेल्या आणि सहवैमानिक सुभानराव शेळके यांस पुसते जाहल्या, “सुभानराव, आपले पट्टे आहेत का जागेवर?”

“आहेत की. मी माझ्यावर बसूनच राहिलोय, बाई. गेले तासभर उठलो नाही.”

“आणि प्रवासीच नसले तर मागचे पट्टे कोणाला लागतात?”

सुभानरावांनी बाईंकडे पाहिले आणि हसू दाबिले. मग बाईंनी भोंग्यावरून पुकारिले, “ज्यांना थोरलीबरोबर शेवटचा फोटो काढायचा असेल, त्यांनी खाली उतरावं. ऊन चांगलं आहे.”

मग काय विचारता! फोटोचे नाव निघताच कोणी थांबेना. एकमेकांस कोपरे मारीत, पिशव्या सांभाळीत मंडळी जिन्याने खाली आली आणि थोरलीकडे पाठ करून, मोबाईल वर धरून, दात काढून उभी राहिली. तो इकडे जिना दूर जाहला, दार मिटले, आणि चारी यंत्रांनी एकदम हाक दिली.

“अहो बाई, आम्ही राहिलो!” वसंतराव ओरडले, आणि पट्टा हालवीत धावले. कुमुदताईंनी त्यांस बॅगेसकट मागे ओढिले.

सूर्य हातभर वर असता थोरली चिंचखेडास उतरली. तिकडे भगवंतरावांनी बाईंस जाब पुसावा म्हटले, तो बाई निवृत्त जाहलेल्या. वसंतरावांनी मात्र रीतीप्रमाणे तक्रार लिहिली, की तीस वर्षांत थोरली प्रथमच वेळेवर निघाली आणि प्रवाशांस त्याची पूर्वकल्पना दिली नाही.

एकूण मजकूर इतका, की पट्टे राज्यातील घरोघरी खुंटीस लागले आहेत, फोटोंत हसरे चेहरे आणि मागे धूर आहे, आणि थोरली येथे आहे, जीत बसोन तुम्ही हे ऐकता. आता शंका विचारा.

खिडकीपाशी बसली मुलगी विचारते, “गुरुजी, ज्यांचं थोरलीवर एवढं प्रेम होतं, ते कधी बघायला येतात का हो?”

अद्याप कोणी आले नाही, बाळ. आले तर पुस्तके मोजून ठेवावी. इति.