दर सोमवारचा नायट्रोजन

“नूतन, बाटली झऱ्याच्याच पाण्यानं तीनदा विसळायची. आणि आपल्या जागेच्या वरच्या बाजूला कुणाचं पाऊल पडू द्यायचं नाही.”

पीएचडीचे मार्गदर्शक भूषण सर यांचं हे बोलणं आठवत नूतन दर सोमवारी दहाला यावलच्या जंगलातल्या झऱ्यात वाकायची. पानगळीतून, मातीतून झऱ्यात किती नायट्रोजन उतरतो, याचं गणित संगणकावर बसवायचं, ही तिची पीएचडी.

गणित बसत नव्हतं. पाण्यात नायट्रोजन जास्त निघे, आणि दर सोमवारी आदल्या सोमवारपेक्षा जास्त.

“वर गुरं येत असतील,” सर म्हणाले. नूतननं काटेरी कुंपण घातलं. आकडा वाढला. आपल्याच अंगाचं काही पाण्यात जात असेल म्हणून तिनं डोक्याला तेल लावणं सोडलं, हातमोजे घातले. आकडा आणखी वाढला.

“महिनाअखेरीस समितीला काय सांगणार? आभाळातून पडतो म्हणून?” सरांनी विचारलं.

नूतनचं जेवण सुटलं. असोद्याच्या घरी सासूबाई, सुगंधाबाई, तिच्या ताटाकडे बघत राहायच्या. “खाय ना माय दोन घास. व्हईन सारं चांगलं.”

त्या सोमवारी नूतन कॉलेजात न जाता नऊलाच झऱ्यावर येऊन सागाआड बसली. अर्ध्या तासानं वरच्या वाटेवर मोटारसायकल थांबली. गाडीवर सासरे गिरधरआबा. मागून गुडघा धरत उतरल्या सुगंधाबाई, हातात किटली. झऱ्यातल्या महादेवाच्या पिंडीवर त्यांनी ती उपडी केली.

“आई! हे काय ओतताय?”

“अवं माय! तू तं दहाले येतेस ना?” सुगंधाबाई दचकल्या. “दूध हाये. दही. अन् चार केळी कुस्करून. तुह्या डाक्टरकीसाठी सोळा सोमवार बोलली मी. आधी पावशेर आनत व्हती. तू सुकत चालली, तसं वाढवत गेली. आज दोन लिटर हाये. अन् कोन्या मेल्यानं खाली काटे टाकले, लुगडं फाटलं माह्यं!”

नूतननं मनातल्या मनात आकडे जुळवले. पावशेर, अर्धा, एक, दोन. तिचा अख्खा आलेख त्या किटलीत होता.

“मला सांगायचं तरी!”

“नवस पुरा होईपावेतो सांगत नसतात. तूबी कोनाले सांगू नको. घे शपथ.”

“मीबी पंधरा सोमवार लोकाले ‘गुडघ्याच्या डाक्टरकडे जातो’ म्हनून सांगू राहिलो,” आबा गाडीवरूनच म्हणाले.

नूतननं शपथ घेतली. संध्याकाळी सरांचा फोन आला.

“सापडलं कारण?”

“सापडलं, सर. पण पुढच्या सोमवारपर्यंत सांगता येणार नाही.”

सरांनी फोन ठेवून दिला.

सोळाव्या सोमवारी सुगंधाबाईंचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. खाटेवरून उठवेना. “पंधरा वाया गेले माय,” त्या डोळे पुसत म्हणाल्या.

“किटली कुठाय?” नूतननं विचारलं.

झऱ्यावर पोचल्यावर तिनं बाटल्या तीनदा विसळल्या, भरल्या, झाकणं घट्ट लावून पेटीत ठेवल्या. मग चपला काढल्या, किटली उचलली, स्वतः घातलेलं कुंपण वाकून ओलांडलं आणि वरच्या बाजूला चालू लागली.