उडत्या सैतानाचं हसू

"कुणाला चहा हवा असेल तर ओट्यावर झाकून ठेवलाय," काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"कुणीतरी घेईल," खर्जकाका वर्तमानपत्राला म्हणाले.

तीन महिने त्या घरात असंच चाललं होतं. गॅस संपला, नळ गळतोय, लेकीचा फोन आला होता, सगळं आधी भिंतीला कळे आणि मग काकांना. त्या रविवारी सकाळी मात्र बोलण्याची गरज नव्हती, कारण काकूंची भरलेली बॅग दाराशीच उभी होती. सोमवारी त्या मोठ्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या, आणि परत कधी येणार हे त्यांनी भिंतीलाही सांगितलं नव्हतं. बॅगेवर नजर गेली की काका वर्तमानपत्राचं वाचलेलंच पान पुन्हा उघडत.

दोघांनी बावीस वर्षं एकाच माइकसमोर काढली होती. परदेशी मारामारीचे सिनेमे आले की त्यांतल्या माणसांना मराठी बोलायला लावायचं, हा त्यांचा धंदा. खालच्या पट्टीतल्या आवाजामुळे काकांना सगळे खर्जकाका म्हणत. काका नायक, खलनायक आणि सेनापती बोलत. उरलेलं सगळं, म्हणजे राजकन्या, चेटकीण, म्हातारे गुरुजी, लहान मुलं आणि गरज पडली तर बदक, काकू बोलत. स्टुडिओच्या मालकाचा नियम एकच होता. पडद्यावरचं तोंड हललं की बोलायचं, मिटलं की गप्प. हलत्या तोंडावर कुणी गप्प बसलं किंवा मिटलेल्या तोंडावर कुणी साधा हुंकार भरला, तरी सबंध रीळ पुन्हा. हा नियम दोघांच्या हाडीमासी इतका खिळला होता, की टीव्हीवरच्या बातम्या बघतानाही ते निवेदकाच्या ओठांवर लक्ष ठेवून असत.

त्या सगळ्या सिनेमांत 'उडता सैतान' हा राजा. त्यातल्या सैतानाच्या भुवया तीन-तीन हात लांब. त्या भुवयांनी तो घोडे उचलून फेकायचा आणि उकळत्या कढईत बसून आकाशातून फिरायचा. चेटकीण आपल्या केसांचा पूल करून दरीवर टाकायची. नायकाने तलवारीने स्वतःची सावली कापली, की ती सावली उठून त्याच्या बाजूने लढायची. दोऱ्या दिसत, कापडाचा डोंगर वाऱ्याने हले, पण त्या माणसांच्या चेहऱ्यावर कधी शंकेची रेषही उमटत नसे. काकांना ते सिनेमे त्यासाठीच आवडत. राग आला की ती माणसं उडत, दुःख झालं की उडत, प्रेमात पडली तर दोघं मिळून उडत. मनात आलेलं पोटात ठेवून घरभर हिंडणारा माणूस त्यांच्यात नव्हता.

शेवटी सैतान सबंध एक मिनिट हसतो. त्या हसण्याने सिनेमा गाजला, त्या हसण्याने काकांचं नाव झालं, आणि तिथेच पाणी मुरत होतं. कारण ज्या दिवशी ते रीळ झालं त्या दिवशी काकांचा घसा पार बसला होता. काकूंनी तोंडापुढे रिकामा पत्र्याचा डबा धरला आणि त्या हसल्या. मालक टेबलाखालून बाहेर यायला तयार होईना, इतकं ते जमलं.

सुरुवातीला लोक काकांची पाठ थोपटत, तेव्हा दोघं घरी येऊन पोट धरून हसत. मग हळूहळू काकांनी लोकांना खरं सांगायचं सोडून दिलं. पुढे पुढे त्यांना स्वतःलाही नीटसं आठवेनासं झालं. तीन महिन्यांपूर्वी पुतणीच्या लग्नात कुणीतरी त्या हसण्याची आठवण काढली. काका उठून उभे राहिले, "आता वय झालं हो," म्हणाले, आणि काकूंच्या खांद्यावर हात ठेवून वर म्हणाले, "ही पण असायची मदतीला. बायकांचे आवाज काढायची." काकूंनी हातातली ताटली खाली ठेवली. तेव्हापासून त्या भिंतीशी बोलत होत्या.

काकांना चूक कळली नव्हती असं नाही. रोज सकाळी दाढी करताना ते आरशासमोर 'चुकलं माझं' म्हणून बघत, आणि ते छान जमे. पण स्वयंपाकघराच्या दारात आले की ते नुसतं पाणी पिऊन परत फिरत. सगळा जन्म दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालण्यात गेला होता आणि स्वतःच्या तोंडाला एक शब्द मिळत नव्हता.

त्यातच काकूंच्या भाच्याने घोळ घातला. भाचा एका जुन्या थिएटरचा मॅनेजर होता. त्याला कुठूनतरी 'उडता सैतान'ची रिळं मिळाली, त्याने रविवारी दुपारी तीनचा खेळ लावला आणि दोघांना पाहुणे म्हणून बोलावलं. भाच्याला नाही म्हणणं आत्याला जमलं नाही. भाचा मंचावर चढून म्हणाला, "ज्यांच्या हसण्याने आपली झोप उडवली, ते आमचे काका!" थिएटर दणाणलं. काकांनी उठून हात जोडले. शेजारची खुर्ची करकरली.

तिसऱ्या रिळाला आवाज खरखरला आणि बंद पडला. चित्र ठणठणीत होतं. सैतान कढईत बसून तोंड हलवत होता आणि काही ऐकू येत नव्हतं. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. भाचा घामाघूम होऊन धावत आला.

"काका, रिळाची आवाजाची पट्टीच झिजलीय. पुढच्या सगळ्या रिळांची तीच गत. तुम्ही दोघं बोलता का? इथूनच?"

"अरे, संवाद कुठे आठवतायत आता?" काका म्हणाले.

"सुचेल ते बोला! लोक खुर्च्या उपटतायत. आत्या, तू तरी सांग ना यांना."

"माइक किती आहेत?" काकूंनी विचारलं.

"एकच आहे."

काकूंनी डोळे मिटून उघडले. मग पडद्यावर राजकन्येचं तोंड हललं आणि त्यांचा हात आपोआप माइककडे गेला.

दहा मिनिटांत दोघांना लय सापडली. माइक एक, म्हणून डोकी जवळ आणावी लागली. काकांनी नायकाकडून सैतानाला आव्हान दिलं, सैतानाकडून ते स्वीकारलं, मध्येच सेनापती म्हणून दम भरला. काकूंनी गुरुजी, दोन मुलं आणि बदक निभावून नेलं. लोक टाळ्या पिटत होते. काकांना वाटलं, आपण पुन्हा तरुण झालो.

मग केसांचा पूल उतरून चेटकीण सैतानासमोर उभी राहिली. मूळ सिनेमात दोघांचं एका मोत्यावरून भांडण होतं, एवढं काकांना पक्कं आठवत होतं.

"दुष्टा!" काकू चेटकिणीच्या आवाजात म्हणाल्या. "माझी विद्या स्वतःची म्हणून जगभर मिरवलीस! आणि चार लोकांत मला मदतनीस म्हणालास?"

काकांनी वळून काकूंकडे पाहिलं. पण सैतानाचं तोंड हललं होतं.

"गप्प बस, चेटकिणी!" सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"तेच करतेय तीन महिने!" चेटकीण कडाडली आणि झाडावर उडून बसली. बायकांच्या बाजूने टाळ्यांचा कडकडाट झाला.

आणि तेवढ्यात ते आलं. सैतानाची कढई ढगांवर चढली, त्याने मान मागे टाकली, भुवया दोन्हीकडे पसरल्या आणि त्याचा जबडा उघडला. सगळं थिएटर पुढे सरकून बसलं. काकांनी माइक काकूंपुढे धरला. काकूंनी तो परत ढकलला.

"तुमचं आहे ना ते हसू," तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या थेट काकांशी बोलल्या. "हसा."

काकांनी प्रयत्न केला. घशातून नुसती हवा आली. वर सैतानाचं तोंड हलत होतं आणि खाली कुणी बोलत नव्हतं. एवढ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. बोलायलाच हवं होतं, आणि बोलण्यासारखं त्यांच्यापाशी आता एकच उरलं होतं.

"हे हसू माझं नाही," सैतान ढगांवरून म्हणाला. "कधीच नव्हतं. हे हिचं आहे. माझा घसा बसला तेव्हा हिने मला सावरलं, आणि मी ते स्वतःच्या नावावर खपवलं. मदतनीस ही नव्हती. मी होतो." तोंड अजून हलतच होतं. एक मिनिट फार मोठं असतं. "चुकलं माझं. फार चुकलं. सांगायचं होतं, पण घरात जमेना. तू गेलीस तर मी कुणाशी बोलू?"

तोंड मिटलं. काका गप्प झाले. मागच्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरलं.

पण सिनेमा पुढे सरकला. नायक आणि त्याची सावली दोन बाजूंनी उडत आले आणि त्यांनी हात पसरून उभ्या असलेल्या सैतानाच्या छातीत तलवारी खुपसल्या. कढई उलटली. सैतान कापडाच्या डोंगरावर आदळला, आणि डोंगर चांगला हातभर दबला.

"अरे, माफी मागितली ना त्याने!" एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवर चढून ओरडले.

"नायक हलकट आहे!" बाल्कनीतून आवाज आला. लोकांनी नायकाच्या नावाने असा शंख केला, की बाल्कनीखाली उभ्या भाच्याने दोन्ही कानांवर हात ठेवले.

काकूंच्या खांद्यांना आधी बारीक हिसके बसले. काका घाबरले, त्यांना वाटलं रडतेय. मग काकूंनी मान मागे टाकली आणि त्या हसल्या. डबा नव्हता, पण लागला नाही. तेच हसू. पोटातून उठलेलं, छताला धडकून खाली येणारं. माइक काकांच्या हातात तसाच होता, आणि ते सबंध थिएटरभर घुमलं.

पडद्यावर सैतान मरून पडला होता. त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

"जिवंत आहे!" थिएटर एका आवाजात ओरडलं आणि उठून उभं राहिलं. अशा सिनेमात ते होऊ शकतं, यावर कुणालाही शंका नव्हती. काकू डोळे पुसत हसत राहिल्या आणि लोक नाचत राहिले.

गलका ओसरल्यावर काका हळूच म्हणाले, "अगं, तोंड मिटलेलं होतं त्याचं."

"माहितीये मला," काकू म्हणाल्या. "करू दे मालकाला सबंध रीळ पुन्हा."

काकांनी माइक खाली ठेवला. नायक एकटाच उडत होता, त्याचं तोंड हलत होतं आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"उद्या..." काकांनी सुरुवात केली.

"उद्या मी जाणारच आहे," काकू म्हणाल्या. "ताईने तांदूळ निवडून ठेवलेत. आठ दिवस राहीन आणि येईन. आणि अहो, भिंतीला सांगत नाहीये, तुम्हाला सांगतेय."