काटा एकतीसवर

उद्याच्या लग्नासाठी चार पोती भात भरडून घ्यायला गोदूबाई कडावच्या गिरणीत सकाळी आठलाच आल्या होत्या. बारा वाजले, तरी पहिलं पोतं अर्धंच झालं होतं.

"धाकलू, माझ्या शकूचं लगीन उद्या हाय, का पुढल्या साली?"

गिरणीवाल्या धाकलूनं धाकट्या भावाकडे नुसतं बोट दाखवलं. भिवाजी विमानदलात मेकॅनिक होता. गेल्या महिन्यात निवृत्त होऊन येताना त्यानं मोडीतल्या विमानाची एक काट्याची तबकडी आणली होती. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब ती दाखवी. काल त्यानं ती गिरणीच्या रॉकेलवरच्या इंजिनाला बसवली. शिवाय आज पहाटे लोहाराच्या भट्टीचा पंखा त्याच इंजिनावर पट्ट्यानं फिरवून त्याची हवा आत कोंबली.

"काकू, वर हवा पातळ, म्हणून विमानात असंच करत्यात. जास्त हवा, जास्त तेल, जास्त ताकद! काल काटा सव्वीसवर होता. आज बघा, एकतीस!"

"काटा शिजवून वाढू व्हय रं वऱ्हाडाला?"

भिवाजीनं चिडून पंख्याचा पट्टा आणखी ताणला. इंजिन घरघरलं, दोनदा ठसकलं आणि बंद पडलं. गोदूबाई उठून तबकडीपाशी गेल्या.

"आता किती?"

"तीस," भिवाजी पुटपुटला.

"काल चालू व्हतं तवा सव्वीस, आन् आज बंद पडून तीस? मग बंदच ठेव की! ताकद जास्त हाय."

"काकू, तो बाहेरच्या हवेचा दाब. ती सगळीकडं असतीच."

"फुकट हाय ना? मग पंखा कशापायी?"

धाकलूनं पट्टा उतरवला, पंखा बाहेर नेऊन ठेवला आणि इंजिन सुरू केलं. काटा सव्वीसवर आला आणि तांदूळ धो धो पडू लागला.

"इंजिनाची निम्मी ताकद तुझा पंखाच खात व्हता," धाकलू म्हणाला.

"एवढासा पंखा? काय खानार तो!" भिवाजी फणकारला.

चारला पोती गाडीत चढली. पाचला गोदूबाईंचा निरोप आला: मांडवातली लाकडं ओली आहेत, चुलाण पेटत नाही, भिवाजीला पंख्यासकट पाठवा.

भिवाजी ऐटीत गेला. पंख्याला मूठ होतीच. तो फिरवू लागला. जाळ उसळला, बायकांनी वाहवा केली.

"जोरात, भिवाजी!" गोदूबाई ओरडल्या. "एकतीसच्या खाली येऊ नको!"

पाव तासानं धाकलू डोकावला. भिवाजी घामानं निथळत होता.

"दादा," तो धापा टाकत म्हणाला, "लई खातो रं हा पंखा."