परातेकाका आणि ब्रेकर

परातेकाकांच्या गाडीतून कुठे जायचं असेल, तर चालायची तयारी ठेवावी लागते. दर ब्रेकरला काका सगळ्यांना खाली उतरवतात.

मनीषनगरात ते माझे शेजारी. हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी विजेवर चालणारी पांढरी कार घेतली. गाडी देखणी, पण फार बुटकी. त्यात बॅटरी खालच्या बाजूला. चार माणसं बसली की ब्रेकरवर 'खर्रर्र' होतं आणि काका असे कळवळतात, जणू त्यांचीच पाठ सोलली.

"उतरा गा सारे!" असा हुकूम होतो. आम्ही उतरतो. काका गाडी तिरपी घालून एकेक चाक अलगद पलीकडे नेतात. मागचे हॉर्न वाजवतात. काका खिडकीतून हात बाहेर काढून म्हणतात, "पोटात बॅटरी आहे बाप्पा, गोटे नाही!"

नवा ब्रेकर दिसला की ते रस्त्यात उकिडवे बसून त्याला वीत लावतात. रोज सकाळी पोतं अंथरून, टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतात आणि ओरखडे पाहतात. एकदा नुसते पाय बाहेर दिसले, तर दूधवाल्याने अपघात झाला म्हणून अख्खी गल्ली गोळा केली. काका आतूनच ओरडले, "काहून गर्दी करून राहिले? जिवंत आहो मी!"

"काका, ही विका. उंच गाडी घ्या," असं सगळेच सांगतात. काका "पाहू" म्हणतात आणि विषय बदलतात. मला तो निव्वळ हट्ट वाटायचा.

मागच्या महिन्यात त्यांच्या साळीच्या, म्हणजे काकूंच्या बहिणीच्या, मुलीचं साक्षगंध होतं, साखरपुडा, कन्हानला. काका, काकू आणि मी निघालो. आजारपणानंतर काकूंना उजवा पाय नीट उचलता येत नाही, काठी लागते. कन्हानमध्ये शिरताना एक भलताच उंच ब्रेकर आला. मी सवयीने उतरलो. काकूही दाराशी हात नेऊ लागल्या.

"तू बस वं," काका म्हणाले.

"घासन नं!"

"घासू दे."

गाडी घासली, चांगली लांबलचक. काकांनी खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

हॉलपाशी पोचल्यावर काकूंना हात द्यायला मी पुढे झालो, तर काकांनी माझं मनगट धरलं. "थांब गा. उतरते ती."

काकूंनी दार उघडलं. आधी एक पाय बाहेर ठेवला, मग दुसरा हाताने उचलून. खुर्चीवरून उठावं तशा काठीवर उठल्या, पदर सारखा केला आणि आत गेल्या. आतून "ताई आली, ताई आली" असा गलका झाला.

काका गाडीला टेकले. "जावयाची गाडी उंच आहे," ते हळूच म्हणाले. "एका लग्नाले गेलो, तं दोघांनी तिले उचलून बसवलं. सारे पाहून राहिले होते. घरी आल्यावर म्हणे, आता मले कुठीच नेऊ नका. मंग दोन वर्षं फाटकाच्या बाहेर नाही गेली. मी लय गाड्या पाहिल्या. हिच्यात ती आपल्या हातानं बसली. बसली अन् म्हणे, चला, एक चक्कर मारू."

काकूंच्या बाजूचं उघडं राहिलेलं दार मी लावून घेतलं. म्हटलं, "चला काका, आत जाऊ."

"तू हो पुढं."

"तुम्ही?"

दारातून काकू दिसत होत्या. आपल्या चार बहिणींच्या मधोमध बसून कशावर तरी हसता हसता डोळे पुसत होत्या.

"मी दिसलो की तिले वाटते, घरी जायचं झालं," काका म्हणाले. "बसू दे थोडं."

आणि ते तिथेच, उन्हात, गाडीच्या आडोशाला उभे राहिले.